रिकाम्या चकतीवरचं शिखर

आधी रिकाम्या चकत्या लावून बघायच्या असतात, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, दुसऱ्यांना शिकवतसुद्धा होते मी, मान तिरकी करून, पेन्सिल नाचवत. तरीही एका अख्ख्या पावसाळ्यात मी स्वतः ते एकदाही केलं नाही. आणि माझ्या भाचीच्या अंगाला चोळायचं खोबरेल तेल मी एका माणसाच्या कामातला दोष म्हणून वाचून दाखवलं. मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर.

नातवंडं विचारतात, आजी, तू तरुणपणी हुशार होतीस ना? होते ना. म्हणून तर झालं. मठ्ठ मुलगी असती तर तिने कोणाला तरी विचारलं असतं.

ही एकोणीसशे साठच्या दशकातली, पनवेलची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, मुंबईला जायचं तर एसटीने ठाण्याचा वळसा घालून जायचं. मी मुंबईत वसतिगृहात राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि परत घरी आले, तेव्हा गावाला वाटलं, आता हिचं लग्न. पण गावाबाहेर खाडीच्या अंगाला एका औषध कंपनीने झाडपाल्यातली द्रव्यं शोधण्यासाठी छोटी प्रयोगशाळा काढली होती. तिथे मला नोकरी लागली आणि लग्न दोन वर्षं पुढे गेलं. त्या दोन वर्षांत मी जेवढी मिजास केली, तेवढी पुढे सासरी करायला मिळाली नाही.

प्रयोगशाळेत परदेशातून एक यंत्र आलं होतं. इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर. डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण नमुन्यातून सोडायचे. नमुन्यातले रेणू आपापल्या सवयीप्रमाणे त्यातले थोडे गिळतात. यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढत जातं आणि जिथे गिळलं गेलं तिथे रेघ खाली बुडी मारते. त्या बुडीला आम्ही म्हणायचो पीक, म्हणजे शिखर. दिसायला खड्डा आणि म्हणायचं शिखर! प्रत्येक शिखराला त्याच्या जागेचा आकडा असतो आणि त्या आकड्यावरून रेणूत कुठली जोडी बसली आहे ते ओळखायचं. हे ओळखायचं काम माझं.

यंत्राला दमट हवा सोसत नाही म्हणून त्याच्यासाठी खास थंड खोली केली होती. पनवेलमध्ये तेव्हा थंड खोली म्हणजे अप्रूप. कारकून उगाच फायली घेऊन येत. माझी आत्या एकदा "तुझं ते मशीन तरी बघू" म्हणून आली, यंत्राकडे पाठ करून खुर्चीत बसली आणि तासभर छान झोपली. मी मात्र त्या खोलीची राणी. अंगावर शाल, अंबाड्यात पेन्सिल. ओळखीची शिखरं मला घरच्या पाहुण्यांसारखी वाटायची. सोळाशे चाळीसला पाणी, हा न बोलावता येणारा. तेवीसशे पन्नासला हवेतला कर्बवायू, खोलीत बडबडी माणसं जास्त झाली की हा वाढायचा. आकडा बघायचा आणि नाव फेकायचं. लोक म्हणत, बाई कागद न वाचता सांगतात. मला ते फार आवडायचं.

आता चकत्यांबद्दल सांगते, म्हणजे घोटाळा कळेल. साधी काच हे किरण अडवते, म्हणून नमुना ठेवायला मिठाच्या चकत्या वापरायच्या. हो, मिठाच्याच. एकसंध स्फटिकातून कापलेल्या, आरपार दिसणाऱ्या, रुपयाएवढ्या. पदार्थ क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्याचे थेंब चकतीवर सोडायचे. क्लोरोफॉर्म उडून गेला की पदार्थाचा पातळ पापुद्रा उरतो, त्याची शिखरं बघायची. त्याआधी मात्र रिकाम्या चकत्या लावून रेघ सरळ येते ना, ते बघायचं. ज्या गावाच्या भोवती मैलोन्‌मैल मिठागरं, त्या गावात बोटीने मीठ यायचं, तेही मखमलीच्या डबीतून.

"आमच्या आगरातलं नाही चालणार का, बाई? पोतंभर आणून देतो." हे बोलणारा तो.

आता पंचविशीतल्या पोराला 'ते' म्हणायचं माझं वय राहिलं नाही, म्हणून 'तो' म्हणते. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायचे आणि तो मला 'बाई'. तो उलव्याचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला, त्या घरातून एम.एस्सी.पर्यंत पोचलेला पहिला. आज उलव्याला माझा नातू घर बघायला जातो आणि कितव्या मजल्यावरून काय दिसतं ते सांगतो. तेव्हा तिथे होडीने जावं लागे आणि दिसायचे ते मिठाचे ढीग.

मिठागरात उभं राहून काम करणाऱ्यांचे पाय खारं पाणी खातं. बोटांच्या बेचक्यात, टाचेला जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. त्याच्या घरच्या बायका त्यावर खाडीतल्या तिवराच्या झाडाची साल वाटून लावायच्या. जखम सुकायची. त्या सालीत नक्की काय आहे ते शोधायचं, हे काम त्याने प्रयोगशाळेच्या साहेबांच्या मागे लागून मिळवलं होतं. साहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: दिवाळीपर्यंत एक शुद्ध पदार्थ हातात दे, त्याची ओळख पटव. जमलं तर कंपनी तुला पीएच.डी.ला पाठवेल. नाही जमलं तर तिवर बंद, आणि तिवरासाठी घेतलेली तुझी जागाही बंद.

म्हणजे त्याचं सगळं माझ्या खोलीतल्या त्या पेनावर येऊन ठेपलं होतं. हे मला माहीत होतं. मी विसरले होते वगैरे काही नाही.

श्रावणात तो कुपी घेऊन आला. थंड खोलीच्या दाराशी वहाणा काढून आत यायचा, देवळात यावं तसा. कुपीच्या तळाशी पांढरेशुभ्र, सुयांसारखे स्फटिक.

"जपून हं बाई, चिमूटभरच आहे. आईने साल सोलून सोलून हाताची सालं काढून घेतली आहेत."

"चिमूट खूप झाली. मला काय भाजीत घालायचंय?"

पेन चालू लागलं. चौतीसशेला रुंद बुडी, ती अल्कोहोलची, आम्हा दोघांना अपेक्षित होती. त्याने समाधानाने मान हलवली. मग पेन पुढे सरकलं आणि सतराशे चाळीसच्या घरात एकदम खाली गेलं. टोकदार, स्वच्छ. ते तिथे असायचं काही कारण नव्हतं.

"हे काय?" तो पुढे वाकला.

"कार्बोनिल," मी म्हटलं, जणू माझी बालमैत्रीणच दारात उभी आहे. "कार्बन आणि ऑक्सिजनची जोडी. या आकड्याला म्हणजे एस्टर. फळांच्या वासात असतं, तेला-तुपात असतं." तेला-तुपात! स्वतःच्या तोंडाने म्हटलं मी. "तुमच्या तिवराने तुम्हाला फसवलं. अल्कोहोल म्हणत होतात, हे तर एस्टरही निघालं."

तो जरा गोंधळला आणि मग खूशही झाला. अनपेक्षित शिखर म्हणजे कदाचित नवाच पदार्थ. "मग अल्कलीत उकळून बघतो," तो म्हणाला. "एस्टर असेल तर फुटला पाहिजे."

दोन-चार दिवसांनी परत आला. चेहरा पडलेला.

"फुटत नाही, बाई. जेवढं घातलं तेवढंच परत निघालं."

"नीट उकळलं नसेल तुम्ही."

"दिवसभर उकळलं."

"मग अजून उकळा. यंत्र खोटं बोलत नाही."

वाक्य ऐकलंत ना? यंत्र खोटं बोलत नाही. ते खरंच बोलत नव्हतं. चकतीवर जे होतं ते इमानदारीत सांगत होतं बिचारं.

त्याने आणखी स्फटिक दिले, मी आणखी आलेख काढले. शिखर दर वेळी तिथेच, पण उंची वेगवेगळी. कधी ठसठशीत, कधी बारीक. तेव्हा मी माझ्या आयुष्यातला सर्वांत हुशार तर्क लढवला. शिखर कमी-जास्त होतंय, म्हणजे ते पदार्थाचं स्वतःचं नाही. इथपर्यंत माझं बरोबर होतं, लिहून ठेवा. पदार्थाचं नाही म्हणजे मग अशुद्धतेचं. तिसरं कोणी असू शकतं, आणि ती तिसरी मी असू शकते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात शेगडी, शेक, धुरी आणि बाळाचं मालिश. आमच्याकडे बाळाला तेलात जवळजवळ तळूनच काढत. आईने तिचं जुनं नऊवारी लुगडं फाडून बाळाची दुपटी आणि फडकी केली होती. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती लुगडं, त्याच्याइतकं मऊ कापड बाजारात मिळत नाही. ती फडकी रोज रिठ्याने धुऊन वाळत पडायची, पण पावसात ती वाळताहेत कशाची, नि त्यातलं तेल निघतंय कशाचं.

इकडे पावसाळ्यात माझ्या चकत्यांना घाम फुटायचा. वीज गेली, खोली दमट झाली की मिठावर धुकं चढायचं. मग त्या अल्कोहोलने हलकेच घासायच्या आणि शेवटी मऊ चामड्याच्या तुकड्याने पुसून चमकवायच्या. चामडं यंत्राबरोबरच आलं होतं. त्याला बुरशी धरली. मी तो तुकडा घरी नेला, उन्हात टाकावा म्हणून, आणि आईने उंबऱ्यावरच अडवलं.

"कातडं आहे हे? नि बाळंतिणीच्या घरात आणतेस?"

"आई, ते चकत्या पुसायचं आहे."

"पुसायला कातडं कशाला लागतं? हे घे." तिने दोरीवरच्या लुगड्याच्या फडक्यांतलं एक माझ्या हातात ठेवलं. "स्वच्छ धुतलेलं आहे. याहून शुद्ध काही नाही."

मी तिच्या सोवळ्याओवळ्याला हसायचे. त्या दिवशीही हसले. हसत हसत फडकं पिशवीत टाकलं आणि दर सोमवारी नवं न्यायला लागले. इतकं मऊ होतं की चकत्या आरशासारख्या चमकायच्या. चमकणारच, तेलाने सगळंच चमकतं.

तुम्ही म्हणाल, मग बाकीच्या नमुन्यांत ते तेल कसं नाही दिसलं? बाकीचे नमुने भरपूर असत, त्यांचा जाड थर चकतीवर बसे आणि माझं तेल त्यात बुडून जाई. याच्याकडे चिमूटभर माल. थर पातळ. त्यात माझं तेल राजासारखं उठून दिसे. ज्याच्याकडे कमी होतं त्याच्याच पदरात ते पडलं.

गणपती झाले. साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. साहेब बसायचे पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने जावं लागे. बरोबर आणखी चार-पाच जण होते. मी आलेख टेबलावर पसरले आणि पेन्सिलीने टोचून टोचून सांगितलं, की पदार्थ अजून शुद्ध नाही, प्रत्येक वेळी कसला तरी चरबीसारखा अंश सोबत येतोय, साल काढताना नाहीतर उकळताना काळजी घेतलेली दिसत नाही.

"काळजी घेतलेली दिसत नाही." हे माझे शब्द. मला कोणी ते सांगायला लावले नव्हते.

साहेब त्याच्याकडे वळले. "इतक्या वेळा शुद्ध करूनही?"

त्याने एक आलेख जवळ ओढला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "बाई, एकदा नुसत्या चकत्या लावून बघायच्या का? रिकाम्या?"

आता बघा. ही मुलगी कोण होती, तर जी दुसऱ्यांना शिकवते, की आधी रिकाम्या चकत्या लावून बघा. तिने म्हणायला हवं होतं, चला, पाव तासाचं काम आहे. ती काय म्हणाली?

"म्हणजे माझ्या चकत्या घाणेरड्या आहेत, असं म्हणायचंय का तुम्हाला? घरून स्वच्छ धुतलेलं कापड आणते मी. तुमच्या सालीसारखा खाडीचा चिखल नाही माझ्या हाताला."

कोणीतरी हसलं. साहेबही थोडे हसले. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने आपले हात टेबलावरून खाली घेतले. ते मला अजून दिसतं. बोलणं विसरले असते, पण ते हात खाली जाणं विसरता येत नाही.

त्यानंतर त्याने रिकाम्या चकत्यांचं नाव काढलं नाही. मुकाट्याने स्फटिक विरघळवत राहिला, पुन्हा जमवत राहिला. दर वेळी थोडा माल वाया जातो. चिमटीचं अर्धं झालं, अर्ध्याचं पाव. थर आणखी पातळ, आणि माझं शिखर आणखी उंच. मी दर वेळी मान हलवायचे. शेवटी शेवटी तो आलेख बघायलाही थांबत नसे. कुपी ठेवायचा, वहाणा घालायचा आणि जायचा.

दिवाळीपूर्वी साहेबांनी तिवर बंद केलं. जाताना तो माझ्या खोलीत आला. कुपीत तळाला जेमतेम काही सुया उरल्या होत्या.

"राहू द्या इथेच," तो म्हणाला. "घरी नेऊन काय करू? आईला दाखवली तर म्हणेल, एवढ्यासाठी झाड सोलत होतास?"

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येकालाच जमतं असं नाही." वर्तनाच्या परीक्षेत मला शून्य द्या, पण सहानुभूतीचा आव आणण्यात मी पहिली आले असते.

थंडी सरली आणि यंत्र तपासायला कंपनीकडून मुंबईचा इंजिनिअर आला. त्याने स्क्रू पिळले, आरसे पुसले आणि म्हणाला, "जरा रिकाम्या चकत्या लावा, रेघ सरळ येते का बघू."

मी लावल्या. आदल्याच दिवशी फडक्याने लखलखीत केलेल्या. रेघ सरळ निघाली, चालत राहिली आणि सतराशे चाळीसला बुडाली. टोकदार, स्वच्छ. रिकाम्या मिठावर.

"हे काय?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चकत्या जुन्या झाल्या आहेत."

बघा, किती पटकन आलं तोंडात. विचारसुद्धा करावा लागला नाही. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि फडकं नाकाला लावलं. भाचीचा वास आला. डोकं, मान, काखेतल्या वळ्या, सगळी भाची त्या फडक्यात होती. ती एव्हाना बहिणीबरोबर सासरी गेली होती आणि रांगायला लागली होती. तिचं तेल मात्र माझ्याकडे नोकरीला होतं.

मी चकत्या क्लोरोफॉर्मने धुतल्या, पुन्हा धुतल्या आणि फडकं न लावता तशाच वाळू दिल्या. रिकाम्या चालवल्या, रेघ सरळ. मग कपाटातून त्याची कुपी काढली. उरलेल्या सुया विरघळवून चकतीवर सोडल्या. पेन चौतीसशेला बुडालं, अल्कोहोल. पुढे आलं. सतराशे चाळीसपाशी पोचलं, आणि तिथून असं सरळ निघून गेलं, जसं कोणी ओळख न दाखवता शेजारून जावं. तिथे काही नव्हतं. त्याचा पदार्थ शुद्ध होता. बहुधा पहिल्या दिवसापासून शुद्ध होता.

साहेब त्या वेळी वरच होते. त्यांच्या खुर्चीचा आवाज मला छतातून ऐकू येत होता. एक जिना चढायचा होता. पण साहेबांनी नुकतंच मला बोलावून सांगितलं होतं, की उन्हाळ्यापासून यंत्राचा सगळा विभाग तुमच्याकडे. मी आलेख गुंडाळून पिशवीत घातला, जिन्यावरून नजर काढली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पनवेल बंदरावरून उलव्याची होडी धरली.

साहेबांचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी उगाच लांबण नको. मी साहेबांना सांगितलं, पण पुढे, माझं लग्न ठरून मी नोकरी सोडताना, निरोपाच्या चहाला. दोन घोट घेतले आणि एका दमात सगळं सांगितलं, तेल, फडकं, तिवर. आता आपण फार मोठं काही केलं, अशा भावनेने त्यांच्याकडे बघत राहिले. साहेबांनी बशीतलं बिस्किट उचललं आणि विचारलं, "कोणता मुलगा?"

तर होडी. मिठाचा हंगाम सुरू झाला होता. उन्हात ढीग असे चमकत होते की डोळे मिटूनच चालावं लागत होतं. मी पायात चपला, हातात छत्री, पाठीवर शाल अशी बांधावरून निघाले. थंड खोलीची सवय, शाल घरी ठेवायचं सुचलं नव्हतं. मिठागरातल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या.

बांधाच्या टोकाला एक म्हातारी पालथ्या पाटीवर बसली होती. त्याची आई असणार हे तिच्या हनुवटीवरून कळलं.

"कोन पायजे गो, बाय?"

मी सांगितलं, पनवेलच्या प्रयोगशाळेतून आले.

"म्हंजे तू ती थंड खोलीतली?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमचा पोरगा सांगाचा, एक बाय हाय, कागदावरची रेग बगून सगला सांगते. बस गो. पानी पी." तिने तांब्या पुढे केला. तिच्या पायाच्या बोटांमध्ये काळपट लेप होता. माझी नजर तिथे गेलेली तिला दिसली. "तिवराची साल. तुमचे मशिनीला काय ती पटली नाय म्हनं. आमाला तर गुन येतो. तुमचे मशिनीला पाय नाय ना, म्हनून असेल."

आणि ती मनापासून हसली. मी पाणी प्यायले आणि तांब्या परत दिला.

तो पलीकडच्या वाफ्यात होता, घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात, लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत. मला बघून थांबला नाही, फक्त हात जरा सावकाश झाला. सध्या इथेच राबतो, तो म्हणाला. जूनपासून गावातल्या शाळेत शिकवायला ये म्हणाले आहेत, बघू.

मी बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. वाटेत पाठ करून आले होते, त्यातलं काही आठवलं नाही. बहिणीचं बाळंतपण, आईचं लुगडं, फडकं, इंजिनिअर, रिकाम्या चकत्या, आणि त्याच्या शेवटच्या सुया. सांगताना मी रडायला लागले. आता सांगते, ते रडणंसुद्धा पूर्ण खरं नव्हतं. त्याने थांबवावं, जाऊ द्या हो बाई म्हणावं, म्हणूनही थोडं होतं.

तो मध्येच फळीवर रेलला आणि हसला. चक्क हसला.

"खोबरेल?"

"हो."

"आणि मी दिवसभर अल्कलीत उकळत बसलो होतो." पुन्हा हसला. "तुमची भाची बरी आहे ना?"

"रांगते आता."

"छान."

मी पिशवीतून आलेख काढून त्याच्यापुढे धरला. सतराशे चाळीसपाशी बोट ठेवलं. "इथे बघा. काही नाही. तुमचा पदार्थ शुद्ध होता."

त्याने कागद हातात घेतला नाही. "हात ओले आहेत," म्हणाला. पण मान वाकवून नीट पाहिला, डावीकडून उजवीकडे, एकेक बुडी, जसा पहिल्या दिवशी पाहिला होता. वाऱ्याने कागद फडफडत होता आणि तो दोन्ही हातांनी ताणून धरायला मला कष्ट पडत होते. बघून झाल्यावर तो सरळ उभा राहिला. हसू गेलं होतं.

"मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"हो."

"तुम्हीही सगळ्यांसमोरच उत्तर दिलं होतं."

मी कागदाची गुंडाळी करायला लागले. पाठीमागे म्हातारी कोणाला तरी माझ्या शालीबद्दल सांगत होती आणि बायका हसत होत्या. त्याने फळी पुन्हा पाण्यात घातली आणि मीठ ओढायला सुरुवात केली. एक ढीग कडेला लागल्यावर, माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता त्याने विचारलं, "साहेबांना सांगितलंत?"

मी मान खाली घातली.

तो म्हणाला, "नाही ना? मग बाई, तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात. साहेब पनवेलला बसतात. ओहोटी लागायच्या आत निघा, म्हणजे होडी मिळेल."